आठ गच्च्यांवरचा गहू

रविवार, सात एप्रिल, सकाळी साडेसात. रक्कम चाळीस हजार पाचशे, रोख. माल अठरा क्विंटल शरबती गहू, दर क्विंटलला तीन हजार. हजर: आमच्या गल्लीतल्या नऊ घरांतल्या नऊ बायका, आष्ट्याकडचे शेतकरी बद्रीजी, त्यांचा ड्रायव्हर आणि माझी आई. बाकी चौथाई, म्हणजे तेरा हजार पाचशे, राखीला द्यायची.

ही नोंद माझ्या हातची आहे, सात वर्षांपूर्वीची. दोनशे पानी रजिस्टरचं पहिलं पान. त्यापुढे फक्त एक पान भरलेलं आहे, बाकीची कोरी आहेत. रजिस्टर मी फेकलं नाही. हिशेबाचा कागद फेकायची मला सवय नाही. विमा कंपनीच्या लेखा विभागात एकोणतीस वर्षं काढलेल्या बाईला ती लागणारही नाही. पण उघडतही नव्हते. परवा उघडलं.

परवा संध्याकाळी मोहितेवहिनींची सून आमच्या फाटकाशी उभी होती. समोरचंच घर. पोरगी लग्न होऊन वर्षापूर्वी आली आहे, हसरी आहे, बोलताना निम्मं मराठी निम्मं हिंदी करते, जशी इथली सगळीच पोरं करतात. म्हणाली, "मोरे आंटी, हे सांगत होते की पहले तुमच्या आई सगळ्या गल्लीच्या गव्हाला तेल लावायच्या. उद्या आमचा गहू येतोय. क्विंटलला किती लावायचं असतं?"

"अर्धा लिटर एरंडेल," मी म्हटलं.

"बस इतकंच?"

"आणि लावल्यावर धुवायचा नाही."

ती हसली. "तेल लावून कोण धोता है, आंटी?"

"सासूबाईंना विचार," मी म्हटलं.

ती गेली. मी फाटकाची कडी धरून तशीच उभी राहिले. वय बावन्न, रक्तदाब गोळीनं ताब्यात, तिथे थांबायचं दुसरं काही कारण नव्हतं. राग होता तो. सात वर्षांत एक तोळाही कमी झालेला नाही.

माळव्यात या दिवसांत शहरभर गहू असतो. नाक्यानाक्यावर ट्रॉल्या उभ्या राहतात, पोत्यांची तोंडं उघडी असतात, आणि ऑफिसला निघालेली बाईसुद्धा गाडी थांबवून चार दाणे उचलते, दाताखाली धरते. कट् असा आवाज आला तर गहू वाळलेला. दाणा दबला तर अजून ओल आहे. मग वर्षाचा गहू घरात यायचा, निवडला जायचा, चाळला जायचा, कोठीत पडायचा. आता पुष्कळ लोक पीठच आणतात. पण आमच्या गल्लीत, बडा गणपतीच्या देवळापुढे, नोकरदारांची साधी घरं; तिथे सालाचा गहू अजून भरला जातो.

महूला आमच्या घरी हा हंगाम आणि जयंती बरोबरच यायचे. चौदा एप्रिलच्या आधी गहू कोठीत गेलाच पाहिजे असा आईचा नियम होता, कारण त्यानंतर पाहुणे सुरू. खांडव्याचे, भुसावळचे, नागपूरचे. आजोबा पलटणीत होते, वडील पलटणीत हवालदार. घर दोन खोल्यांचं, पण त्या आठवड्यात तीस माणसं जेवून जायची आणि कुणाला पोळी कमी पडायची नाही. म्हणून मला अजूनही एरंडेलाचा वास आला की आधी निळे झेंडे आठवतात, पांढऱ्या साड्या आठवतात, आणि आईचे कोपरापर्यंत चमकणारे हात.

आई सोळाव्या वर्षी लग्न होऊन महूला आली तेव्हा एका सुभेदाराच्या बायकोनं तिला हे काम शिकवलं. तेल आधी उन्हात ठेवायचं. गव्हाचे छोटे छोटे ढीग करायचे, एका वेळी दहा किलोचा एक. बांगड्या काढून ठेवायच्या. तळव्यावर थोडं तेल घ्यायचं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे आणि मग हात ढिगात घालायचे, बोटं पसरून, तळाशी पोचेपर्यंत. वर उचलायचं, सोडायचं. सात वेळा. "गहू चमकला पाहिजे, चिकटता कामा नये," ती म्हणायची. यंत्रानं होत नाही, चमच्यानं होत नाही. तेल हातातून जातं. उन्हात तापलेला गहू हाताला जनावराच्या अंगासारखा ऊबदार लागतो, त्याची बारीक धूळ घशात बसते, आणि दोन दिवस बोटांना वास येत राहतो. असा तेल लावलेला गहू पावसाळाभर हलत नाही. किडा धरत नाही, ओल धरत नाही. एकच पथ्य: दळायला काढेपर्यंत पाणी लावायचं नाही.

त्या वर्षी आम्हाला गल्लीत येऊन दहा महिने झाले होते. वडील गेले होते, आई आमच्याकडे राहायला आली होती. गल्लीतल्या बायकांची दरवर्षीची तक्रार होती की दुकानदार वरचा गहू दाखवतो आणि खालचा देतो. मी म्हटलं, वडिलांच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, सरळ त्यांच्याकडून घेऊ. बद्रीजींनी स्वतःच अट घातली. म्हणाले, "चौथाई रोक लो, बहनजी. माताजी तेल लगाएँगी तो राखी तक एक दाना खराब नहीं होगा. हो जाए तो चौथाई मत देना." वडिलांच्या वेळेपासून त्यांना आईचा हात माहीत होता. त्यांनी गव्हाची नव्हे, आईच्या हाताची हमी दिली होती.

मोहितेवहिनींची गच्ची सगळ्यांत मोठी. गहू तिथे चढवला. पोती वेगवेगळी होती, कुठे दाणा जाड, कुठे बारीक. मी म्हटलं, असं नको, सगळा एक ढीग करा, म्हणजे कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. हे माझं डोकं. माझा काटेकोरपणा. प्रत्येकीनं आपापली चार पोती घरी नेली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

चार दिवस बायका निवडायला बसल्या आणि आई तेल लावायला. नऊ लिटर एरंडेल. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की वरून हसण्याचा आवाज खालीपर्यंत यायचा. गुप्ताभाभी, शेजारच्या, आईला म्हणायच्या, "अम्माजी, ये हाथ हमको दे जाओ." आई म्हणायची, "नुसता हात कशाला, सासू म्हणून मलाच घेऊन जा." मोहितेवहिनी वर चहा आणायच्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, हे त्या दिवसातून एकदा सांगायच्या, आणि एकदा मला विचारायच्या, "पण तुम्ही मोरे म्हणजे कुठले मोरे?"

"महूचे," मी म्हणायचे.

उत्तर खरं होतं. पुरं नव्हतं. त्या काय विचारत होत्या ते मला कळत होतं आणि मी काय सांगत नव्हते तेही. हिशेबात याला अपुरी नोंद म्हणतात. ती मीच केली होती, ती माझ्या नावावर राहू द्या. पण एक विचारते. त्यांच्या पागेची चौकशी मी एकदाही केली नव्हती. मोहिते म्हणजे कुठले, हे मी का विचारलं नाही? मला ते जाणून घ्यायची गरज नव्हती म्हणून.

गुरुवारी मी अर्धी रजा घेतली. सियागंजच्या बाजारातून काटा भाड्यानं आणला, छत्तीस पोती भरली, पन्नास किलोचं एकेक, आणि लाल मार्करनं प्रत्येकावर आकडा घातला. घरटी चार पोती. गुप्ताभाभींनी काट्यावरचा आकडा बघून टाळी वाजवली होती. "मोरेजी, आप तो सोना भी तौल दो."

रविवारी जयंती. सकाळी सात वाजता खांडव्याचे पाहुणे गाडी घेऊन आले, बॉनेटवर निळा झेंडा. आई पांढऱ्या साडीत, मी पांढऱ्या साडीत, हे आणि मुलगी पांढऱ्या कपड्यांत. आईच्या हातात पुऱ्यांचा डबा होता. मोहितेवहिनी रांगोळी घालत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "अरे वा, कुठे निघालात सगळे?"

"महूला," आई म्हणाली. "जयंती ना आज."

वहिनींनी झेंड्याकडे पाहिलं. मग साड्यांकडे. रांगोळीची चिमूट बोटांत तशीच राहिली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "अच्छा अच्छा." आईनं डबा उघडून दोन पुऱ्या पुढे केल्या. "आत्ता नको आजी, आंघोळ व्हायचीय," वहिनी म्हणाल्या. त्यांचे केस ओले होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला गल्लीत टँकर आला. थोड्या वेळानं दुसरा. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर नवा नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आठ वाजता कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

आठ गच्च्यांवर गहू पसरलेला होता.

चादरींवर, जुन्या साड्यांवर, ताडपत्रीवर. ओला. उन्हात काळपट दिसत होता. गच्च्यांच्या नळ्यांमधून पांढुरकं पाणी खाली पडत होतं, त्यावर तेलाचा तवंग. हवेत ओल्या पिठाचा आंबूस वास सुटला होता. गुप्ताभाभी पाइपनं टोपलीवर पाणी सोडत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पाठ फिरवली. पाइप बंद केला नाही.

मी मोजलं. राग आला की मी मोजते. आठ गच्च्या, सोळा क्विंटल, दोन टँकर. कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. त्यानंतरही नाही. "नमस्ते मोरेजी" रोज होतं, "आप" होतं, "जी" होतं. या शहराची जीभ फार गोड आहे. इथे अनोळखी माणूससुद्धा भिया, म्हणजे भाऊ, म्हणून वाट पुसतो. त्या गोडव्यात मी वाढले आहे, तो खोटा आहे असं म्हणणार नाही. पण त्या सकाळी मला कळलं की त्याला तळ आहे, आणि तळाशी काय साचलंय तेही कळलं. कुणी शिवी दिली असती तर मी पोलिसात गेले असते, कायदा आहे. धुतलेल्या गव्हाची तक्रार कुठे देतात? काय लिहायचं, की शेजाऱ्यांनी स्वच्छता केली?

स्वच्छतेचं आमच्या शहराला भारी कौतुक. रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा, चुकलं की गाडीवाला टोकतो. मीही मनापासून वेगळा करते. पण त्या वर्षापासून ते गाणं सुरू झालं की माझा जबडा आवळला जातो. वेगळं काढायला आपल्या लोकांना शिकवावं लागलंच कुठे? फक्त डबे नवे आले.

त्या चार दिवसांच्या चढउतारानं आईचे गुडघे गेलेले होते, ती आता गच्चीवर चढत नव्हती. पण जिन्याच्या खिडकीतून मोहित्यांची गच्ची दिसते. संध्याकाळी मी ऑफिसातून आल्यावर तिनं विचारलं, "त्यांनी गहू पुन्हा का पसरलाय गं?"

आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "जरा ओल वाटली म्हणे. वाळवतायत."

मला वाटलं, मी तिला वाचवलं. ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ओल? मग माझाच हात कमी पडला असेल. खालच्या थराला पोचला नसेल."

चार महिने ती हे म्हणत राहिली. भाजी निवडताना मध्येच थांबायची, तळवे बघायची. "वय झालं बघ. पूर्वी असं होत नव्हतं." पंचावन्न वर्षं ज्या हातानं एक दाणा खराब होऊ दिला नव्हता, त्या हातावर ती संशय घेऊ लागली होती, आणि तो संशय मी दिला होता. खरं सांगितलं असतं तर एका दिवसात घाव बसला असता. खोटं सांगून मी तो रोज थोडा थोडा घातला. शेजाऱ्यांवरच्या रागात माझ्यावरचा हा वाटा मिसळलेला आहे, म्हणून तो निवत नाही.

पाऊस लागला. जुलै संपता संपता आठ घरांचा गहू गेला. तेल धुऊन निघालेलं, आत पाणी मुरलेलं, आणि वर माळव्याची दमट हवा. आधी वास आला, मग दाण्यावर हिरवट बुरशी, मग किडा. चक्कीवाल्यानं मोहितेवहिनींचा डबा उघडून नाक मुरडलं. "भाभी, ये तो धुला हुआ गेहूँ है. साल भर का गेहूँ कोई धोता है क्या?" ही गोष्ट त्यानंच मला सांगितली, माझं दळण देताना. आमची चार पोती जशीच्या तशी होती.

राखीच्या आधीच्या रविवारी मोहितेवहिनींच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. नऊ घरांतल्या नऊ जणी. रजिस्टर माझं, म्हणून मला बोलावणं. आई म्हणाली, मीही येते. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही, पर्स घेतली आणि काठी टेकत निघाली. मी निघताना डब्यात दोन मुठी गहू टाकून घेतला.

चहा आला. कप सगळ्यांना सारखे होते, हेही नोंदवते.

गुप्ताभाभींनी सुरुवात केली. "देखो मोरेजी, बुरा मत मानना. चौथाई तो काटनी पड़ेगी. पूरा गेहूँ घुन गया. आप बद्रीजी को फोन कर दो. आपका कैसा है?"

"आमचा चांगला आहे."

"लो!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "अपना छाँट के रख लिया."

दोघी-तिघी हसल्या. मोहितेवहिनी म्हणाल्या, "असं नको बोलू गं. मोरेबाईंचा हिशेब एकदम पक्का असतो."

"तो फिर तेल में गड़बड़ हुई," गुप्ताभाभी म्हणाल्या. "अम्माजी की उमर हो गई है. हाथ काँपते होंगे."

मी आईकडे पाहिलं. तिनं पर्स उघडली, एक पाकीट काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. म्हणाली, "बारा हजार आहेत. आठ घरांचे दीड-दीड हजार. बद्रीजींचे पैसे अडकता कामा नयेत, त्यानं माझ्या भरवशावर दिलाय गहू. माझा हात चुकला असेल तर माझ्या पेन्शनीतून जाऊ दे."

"अहो आजी, इतकं कशाला," मोहितेवहिनी म्हणाल्या. आणि त्यांचा हात पाकिटाकडे निघाला.

तो हात मी आजही पाहू शकते. दोन सोन्याच्या बांगड्या, मेंदीचा जुना रंग, आणि तो पुढे सरकत होता. ज्या हातानं लावलेलं तेल त्यांनी टँकर मागवून धुतलं, त्याच हातातले पैसे घ्यायला त्यांना काहीच अडचण नव्हती. नोटा धुवाव्या लागत नाहीत.

मी पाकिटावर रजिस्टर ठेवलं. डबा उघडला. "हा आमच्या तेहतीस नंबरच्या पोत्यातला गहू. वहिनी, तुमचं बत्तीस नंबर. दोन्ही पोती मी एकापाठोपाठ भरली, एकाच ढिगातून. तुमचा मूठभर आणा."

"काय करायचंय?"

"आणा."

त्यांनी आणला नाही. त्यांची मुलगी उठून आतून वाटीत घेऊन आली. तिनं वाटी डब्याशेजारी ठेवली. आणखी काही दाखवायची गरज नव्हती. वाटीतून वास येत होता.

"तुम्ही गहू धुतला," मी म्हटलं.

"कोण बोललं तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या.

"मी पाहिला. पंधरा एप्रिलला, सोमवारी, आठही गच्च्यांवर."

गुप्ताभाभी म्हणाल्या, "धूल-मिट्टी थी जी, उसमें."

"तुम्हीच चार दिवस निवडला, भाभी. गुरुवारी मी मोजून दिला तेव्हा माती नव्हती. रविवारी सकाळपर्यंतही नव्हती. रविवारी दुपारी कुठून आली?"

मग गुप्ताभाभीच हळू आवाजात म्हणाल्या, "हम तो नहीं मानते ये सब. सासूजी ने बोला था."

"पाइप कुणाच्या हातात होता?"

गुप्ताभाभींच्या शेजारी त्यांच्या सासूबाईही येऊन बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अरे तो क्या हो गया. पानी से ही तो धोया. थोड़ा सा गंगाजल डाला था, बस."

आता आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण बोलायचं तिच्याशीच होतं. म्हटलं, "आई, तुझा हात कमी पडला नाही. मी तुला खोटं सांगितलं. त्यांना ओल वाटली नव्हती."

आईनं का म्हणून विचारलं नाही. तिनं फक्त वाटीतले चार दाणे उचलले, बोटांत चुरडले, वास घेतला आणि विचारलं, "टँकर किती लागले?"

"दोन," मी म्हटलं.

"दोन." तिनं मान हलवली. मग ती मोहितेवहिनींकडे वळली. आवाज चढला नाही, तिचा कधीच चढत नसे. "माझ्या माहेरच्या गावाला विहीर होती. आम्ही काठाशी हात लावायचा नाही. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर ओतलं. कधी कधी दुपार व्हायची. मला वाटायचं, पाणी कमी आहे म्हणून देत नाहीत." तिनं दाणे परत वाटीत टाकले. "आम्हाला द्यायला घागरभर नव्हतं, बाई. आमचा हात पुसायला दोन टँकर निघाले."

मोहितेवहिनींच्या मुलीनं तोंडावर ओढणी धरली. वहिनी म्हणाल्या, "आजी, तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्याचे पुढचे शब्द अनेकदा लावून पाहिले आहेत. तर काय? तर वर चढू दिलं नसतं. तर टँकरचे पैसे वाचले असते.

आईनं रजिस्टर उचललं, खालचं पाकीट घेतलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली. उठताना गुडघा धरला. दारात थांबून म्हणाली, "पुढच्या वेळी हात लावू द्यायच्या आधी विचारून घेत जा. निदान गहू तरी वाचेल."

घरी येताना ती गल्लीच्या मधोमध चालत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तू कशाला खोटं बोललीस?" मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मीही म्हणूनच बोलले नाही." म्हणजे तिला माहीत होतं? खिडकीतून पहिल्याच दिवशी कळलं होतं? मग हाताकडे बघणं काय होतं, आणि बारा हजारांचं पाकीट काय होतं? मला पुढे विचारता आलं नाही. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. ज्या बाईनं विहिरीकाठी बालपण काढलं तिला आठ ओल्या गच्च्या वाचता येणार नाहीत, असं मी समजले, हा माझा अडाणीपणा.

ऑफिसात लोक म्हणतात, मॅडम, आता कुठे राहिलंय हे सगळं. चांगली माणसं आहेत, डबा माझ्याबरोबर खातात. मी त्यांना ही गोष्ट सांगत नाही. सांगितली तर ती म्हणतील, सगळे तसे नसतात. मला माहीत आहे सगळे तसे नसतात. मी मोजून सांगते: नऊ घरं होती, एक आमचं, उरली आठ. आठांपैकी किती जणांनी धुतला नाही? त्या आठांत एखादं घर निघालं असतं, एक गच्ची कोरडी दिसली असती, तर मी आज या शहराबद्दल वेगळं लिहिलं असतं. मी ती गच्ची शोधत त्या सकाळी तीन वेळा फिरून मोजलं होतं.

आज सकाळी मोहितेवहिनींची सून पुन्हा आली. हसत नव्हती. "आंटी, मैंने पूछा," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. गॅस बंद केला आणि आत गेल्या. मग ह्यांनी सांगितलं." ती फाटकाच्या जाळीतून बोटं घालून उभी होती. "आंटी, आमचा गहू आलाय. तुम्ही वर याल का? एकदा दाखवा ना, हात कसा घालायचा."

तिचा दोष नाही. तेव्हा ती शाळेत असेल, दुसऱ्या कुठल्या गावात. तिनं विचारलं, हेच पुष्कळ आहे असं कुणी म्हणेल. मी तिला तेल उन्हात ठेवायला सांगितलं, ढीग दहा किलोचा करायला सांगितलं, बांगड्या काढायला सांगितलं, सात वेळा सांगितलं. सगळं नीट सांगितलं, ती फोनवर लिहून घेत होती. पण वर यायला मी नाही म्हटलं. तिनं 'का?' असं विचारलं नाही. आमच्या आईसारखंच.

आमचाही गहू उद्या येईल. दोन क्विंटल, आमच्याच गच्चीवर, आमच्याच हातानं.

रजिस्टरचं दुसरं पान असं आहे. राखीच्या आधीचा बुधवार, सियागंज, ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर. हजर: बद्रीजी आणि मी. आठ घरांचे पैसे तीन दिवसांत आले, बहुतेकांनी फाटकाच्या आत न येता दिले. दिले: बद्रीजींना तेरा हजार पाचशे, नऊ घरांची चौथाई, पूर्ण, त्यांची सही. टँकरवाल्याला दोन टँकरचे, ज्यांनी मागवले त्यांनी, एप्रिलमध्येच, पूर्ण. आईचं पाकीट, बारा हजार, तसंच परत कपाटात. आईला, आठ घरांकडून, काही नाही.